बनाबाईची एकोणीस कोकरं

मेंढीचं रक्त काढायचं म्हटलं की शिरड शहापूरच्या बाजूचे धनगर हातातली काठी सावरून धरतात, ही गोष्ट परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रज्ञेशला कोणी सांगितली नव्हती. शहाण्णव सालच्या दसऱ्यानंतर तो एसटीतून उतरला, तीन कळपांकडे गेला आणि तिन्ही ठिकाणांहून परत आला. शेवटच्या कळपाच्या मुंजाजीनं निदान बसवून घेतलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं की रगत काढलं की दूध आटतं, आमाला ती तकलीफ नको. जाता जाता त्यानंच ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. तिकडं बनाबाई आहे, ती आमचं कोणाचं ऐकत न्हाई, तुझं ऐकलं तर बघ.

बनाबाई तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीसची असेल. उंच, काटक, डोक्यावरून पदर आणि पदरावर घोंगडीची घडी. ती एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती आणि मेंढी पाय झाडत होती. प्रज्ञेशनं पिशवी खाली ठेवली, मेंढीचा पाय धरला आणि काटा निघेपर्यंत सोडला नाही. मग आपलं काम सांगितलं.

किती रगत, एवढंच तिनं विचारलं. त्यानं काचेची नळी दाखवली. तिला ते पटलं नाही. तिनं नळी पाण्यानं भरायला लावली आणि ते पाणी आपल्या तळहातावर ओतून घेतलं. हाताचा खळगासुद्धा भरला नाही. तिनं पाणी झटकलं आणि म्हणाली, "एवढ्यानं मेंढी मरत आसंल तर ती मेंढीच न्हवं. काढ."

मग कोण, कुठला, कोणाचा, ही चौकशी झाली. आखाडा बाळापूरच्या टपालवाल्या किशनरावांचा मुलगा, असं त्यानं सांगितलं. पुढचं, जातीचं, काय ते तिला न सांगता कळलं. तिनं चहा केला आणि ज्या जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, गिलासातून ती आणि तिचा नवरा रखमाजी प्यायचे, त्याच गिलासात त्याला दिला. प्रज्ञेशच्या ते लक्षात राहिलं. ती मात्र कधी त्याबद्दल बोलली नाही, तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नसावं.

प्रज्ञेशचं काम थोडं वेगळं होतं. माणूस असो की घोडा, बहुतेक प्राण्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी पोटॅशियम आत भरून ठेवतात आणि सोडियम बाहेर ढकलतात. हे काम पेशीच्या पातळ आवरणात बसवलेले सूक्ष्म पंप अहोरात्र करतात. मेंढीची जात मात्र न्यारी. काही मेंढ्यांच्या पेशी पोटॅशियमनं भरलेल्या, तर काहींच्या जवळजवळ रिकाम्या, आणि दोघी सारख्याच धडधाकट. भरलेली की रिकामी हे आईबापांकडून येतं. आपल्या दख्खनी मेंढ्यांत ते कसं उतरतं हे प्रज्ञेशला बघायचं होतं. त्यासाठी मेंढीचं रक्त हवं, एडक्याचं हवं, कोकराचं हवं, आणि कोण कोणाचं हे पक्कं ठाऊक हवं.

शेवटच्या गोष्टीसाठी बनाबाईसारखं माणूस त्याला शोधून सापडलं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासरच्या एकशे चाळीस मेंढ्यांतल्या सात उरल्या होत्या. तेव्हा ती विशीची होती, पहिलं मूल पोटात होतं. रखमाजी खडी फोडायला गेला आणि ही त्या सातांना बाभळीचा पाला झोडून घालत राहिली. घरच्यांनी विकून टाक म्हटलं, तिनं विकल्या नाहीत. शहाण्णवात तिच्याकडे ज्या बासष्ट मेंढ्या होत्या त्या सगळ्या त्या सातांच्या पोटच्या. काळतोंडीची ठिपकी, ठिपकीच्या बहिणीची आखूडकानी, अशी एकेक ओळ ती भाकरी थापता थापता सांगायची. एडके तीनच. कोणता कधी सोडायचा ते तीच ठरवायची, बाकीच्या दोघांच्या पोटाखाली फडकं बांधलेलं असायचं. त्यामुळे बापाचंही तिला बरोबर ठाऊक असे.

प्रज्ञेशनं कानात नंबरचे बिल्ले मारायचा विषय काढला तेव्हा मात्र ती अडून बसली. कानाला भोक पडलं की माशी बसते, माशीमागं किडे येतात. तिनं सांगितलं, "तुला नंबर पाहिजे तर तुझ्या वहीत घाल. मला इचार, मी सांगते कोण कोणाचं ते." परभणीच्या सरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. बाईच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही, असं ते म्हणाले. पण दुसरा कळप मिळत नव्हता.

जानेवारीत एकोणीस कोकरं झाली. प्रज्ञेशनं आठवड्याच्या आत सगळ्यांचं रक्त घेतलं. बनाबाई एकेक कोकरू काखेत धरून आणायची, आईचं नाव सांगायची, बापाचं सांगायची, तो लिहायचा. होळीच्या आधी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. मधल्या काळात कॉलेजचा फ्लेम फोटोमीटर बंद होता, म्हणून दोन्ही वेळचे नमुने त्यानं तयार करून जपून ठेवले आणि मार्चअखेर एकदमच तपासले. पातळ केलेल्या नमुन्याचा बारीक फवारा ज्योतीत जातो, ज्योतीचा रंग बदलतो, आणि त्या रंगावरून यंत्र सांगतं की सोडियम किती, पोटॅशियम किती.

आकडे पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एकोणिसांतली आठ कोकरं दोन्ही वेळा सारखी होती, पोटॅशियमनं भरलेली. उरलेली अकरा जानेवारीत भरलेली आणि मार्चमध्ये रिकामी. त्याच नावाचं कोकरू, त्याच आईचं, पण रक्त निराळं. सरांनी कागद एकदाच पाहिला आणि ढकलून दिला. बाईनं दुसऱ्या वेळी दुसरीच पिल्लं धरून दिली, बिल्ले मारले असते तर ही वेळ आली नसती, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रज्ञेशलाही तेच पटलं. जानेवारीत एकजात सगळी एकोणीस भरलेली कशी निघाली, हा प्रश्न त्यानं तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही.

कळप तोवर कळमनुरी ओलांडून बाळापूरच्या बाजूला एका शेतात बसला होता. प्रज्ञेश दुपारी पोचला. कसं बोलावं हे त्यानं एसटीत दहा वेळा ठरवलं होतं, पण तिथं गेल्यावर सरळच बोलला. "मावशी, कोकरं बदलली. दुसऱ्या वेळी अकरा कोकरं तुमी चुकीची दाखवली."

बनाबाई धान्य निवडत होती. मेंढपाळ बाईला कोकरू ओळखता येत नाही म्हणणं म्हणजे आईला तिचं लेकरू ओळखता येत नाही म्हणण्यासारखं, हे प्रज्ञेशला बोलून गेल्यावर कळलं. ती चिडली नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बस. मेंढरं येऊ दे."

दिवस कलेपर्यंत तो बाभळीखाली बसून राहिला. तिनं त्याला पाणी दिलं, भाकरी दिली. कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडलेली होती. ऊन उतरलं तसा रखमाजी मेंढ्या घेऊन आला, आणि आतून कोकरं, बाहेरून मेंढ्या असा एकच गलका सुरू झाला.

बनाबाई वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली. त्याला म्हणाली, वही काढ, एकेक नाव वाच. त्यानं वाचलं, ठिपकीचं नर. तिनं ते कोकरू उचललं आणि बाहेर सोडलं. ते पन्नास-साठ मेंढ्यांतून धडपडत गेलं. दोघींनी त्याला हुंगून ढुशी मारली, तिसरीनं शेपटीखाली नाक लावलं आणि ती पाय फाकवून उभी राहिली. ती ठिपकी होती. त्यानं बरोबरची खूण केली. पुढचं नाव वाचलं. पुन्हा तसंच. मधेच बनाबाईनं एक कोकरू मुद्दाम दुसऱ्याच मेंढीच्या कासेखाली लोटलं, आणि त्या मेंढीनं त्याला असं उडवलं की ते दोन हात लांब पडलं.

"माझं चुकंल, मी माणूस हाये," ती म्हणाली. "मेंढी परक्याला दूध देत न्हाई."

अठरा नावं झाली, अठरा खुणा झाल्या. एकोणिसावं कोकरू तिनं काखेतच ठेवलं. त्याची आई फेब्रुवारीत साप चावून मेली होती, ते शेळीच्या दुधावर वाढलं होतं. खरं तर प्रज्ञेश तेही धरून चालला असता. पण तिनंच सांगितलं की याची साक्ष द्यायला कोणी न्हाई, ह्याला तुझ्या वहीतून काढ. त्यानं काढलं. त्याच्या प्रबंधात त्या वर्षीची आजही अठराच कोकरं आहेत.

वही मिटून तो म्हणाला, मावशी, माझं चुकलं. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. यंत्र बराबर हाये का, तिनं विचारलं. तो म्हणाला की बरोबर आहे, दोनदा तपासलं.

"कोकरू तेच. यंत्र बी बराबर. मंग रगतच बदललं आसंल की," ती म्हणाली. "कोकराची लोकर बदलती, दात बदलतात. रगत काहून बदलणार न्हाई?"

प्रज्ञेश त्या रात्री बाळापूरला आपल्या घरी जाऊन झोपला आणि पहाटेच्या गाडीनं परभणी गाठली. तीन दिवस तो कॉलेजच्या ग्रंथालयात जुने बांधीव अंक उलटत बसला. तिसऱ्या दिवशी एका परदेशी नियतकालिकात त्याला चार ओळी सापडल्या. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या पेशी पोटॅशियमनं भरलेल्याच असतात, मग ते कोणाचंही असो. दोन महिन्यांत जुन्या पेशी जातात, नव्या येतात, आणि ज्यांच्या नशिबी रिकामेपण असतं ती तेव्हा बदलतात. साहेबांच्या देशात हे चाळीस वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. त्याला माहीत नव्हतं आणि सर विसरले होते. सरांनी मोकळेपणानं ते कबूल केलं. मग म्हणाले, आपल्या दख्खनी कोकरांत हा बदल आठवड्याआठवड्यानं कसा होतो ते कोणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते मोज.

असं ते काम नव्यानं सुरू झालं. पुढच्या हिवाळ्यात नव्या कोकरांच्या रक्तासाठी प्रज्ञेश दर सोमवारी कळप जिथं असेल तिथं हजर व्हायचा. कळप एका जागी राहत नसे. बनाबाई जाण्याआधी रस्त्यावरच्या चहावाल्याकडे निरोप ठेवायची, की पुढचा मुक्काम अमक्या गावच्या अमक्याच्या शेतात. सोळा सोमवारांत एकही निरोप चुकला नाही. एकदा तिला ताप होता. घोंगडी पांघरून, काठीला धरून ती उभी राहिली आणि सगळी कोकरं ओळखून झाल्यावरच आडवी झाली. रखमाजी बायकोवर रागावला, पण तो रागावला की फक्त विडी पेटवायचा.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी, बांधावर जेवताना, तिनं विचारलं की रगतात बदलतं ते नेमकं काय. प्रज्ञेशनं आधी टाळलं, मग टाळायची लाज वाटली. भाकरीवरचं मीठ आणि चुलीतली राख दाखवून तो म्हणाला, की दोन क्षार आहेत असं समजा, एक मिठातला, दुसरा राखेत सापडतो तो. रक्ताच्या एकेका कणाच्या सालीत एक बारीक वस्तू बसलेली असते. तिचं तोंड आत उघडतं तेव्हा तिच्या पोटातल्या जागा मिठाच्या मापाच्या असतात. मिठाचे तीन कण तिथं येऊन बसतात. ते बसले की वस्तू पीळ घेते. आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं, आणि त्या पिळानं जागांचं माप बदलतं. मीठ तिथं टिकत नाही, बाहेर पडतं. आता ते माप राखेतल्या क्षाराचं झालेलं असतं. त्याचे दोन कण बाहेरून येऊन बसतात, ती वस्तू उलटी वळते, आणि ते आत सुटतात. की पुन्हा तीन, पुन्हा दोन. एका सेकंदात कितीतरी वेळा, मेंढी जिवंत असेतोवर.

बनाबाईचा घास हातात राहिला होता. तिनं विचारलं, "मंग ज्यांचं रगत बदलतं, त्यांचं काय बिघडतं?"

बिघडत काही नाही, तो म्हणाला. त्यांच्या नव्या पेशींत अशा वस्तू कमी असतात, आणि ज्या असतात त्यांतही आतून मीठ बसायच्या जागी राखेतला क्षारच येऊन बसतो. तो बसला की मिठाला जागा नाही. काम मंदावतं.

तिनं हातातला घास खाऊन संपवला. मग म्हणाली, "म्हंजे जागा तीच, अन् बसणारे दोघं. कोण आधी बसतो त्याच्यावर समदं." प्रज्ञेशनं हे वाक्य त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. त्याच्या सरांनी दोन तास शिकवलेल्या धड्याचं सार त्यात होतं. ते अक्षराची ओळख नसलेल्या बाईच्या तोंडून आलं, म्हणून त्याला आश्चर्य वाटलं होतं. त्या आश्चर्याची त्याला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली. जिनं सात मेंढ्यांच्या बासष्ट केल्या, तिला जागा आणि बसणारे यांचा हिशेब कळू नये असं त्याला का वाटलं होतं?

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात प्रबंध झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बिल्ल्यांचा प्रश्न विचारलाच. प्रज्ञेशनं दूध पाजण्याच्या कसोटीचा तक्ता पुढे केला आणि ती कसोटी कोणी सुचवली तेही सांगितलं. परीक्षक हसले नाहीत. एकोणिसावं कोकरू का वगळलं ते त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं आणि पान उलटलं.

बांधलेली एक प्रत घेऊन तो शिरड शहापूरला गेला. बनाबाईनं निळ्या कापडाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि मेंढ्यांची नावं कुठं आहेत विचारलं. सात मूळ मेंढ्यांपासूनचा वंशवृक्ष मागच्या बाजूला दोन पानांवर होता. त्यानं नावं वाचली, ती डोळे मिटून ऐकत होती. एका जागी तिनं त्याला थांबवलं. आखूडकानीची आई ठिपकी न्हाई, ठिपकीची बहीण. तुझ्या लिहिण्यात चुकलंय, मी बराबर सांगितलं हुतं. त्यानं जुनी वही काढून पाहिलं. वहीत बरोबर होतं, टंकलेखनात चुकलं होतं. तिच्यासमोरच पेनानं त्यानं ते दुरुस्त केलं, आणि परभणीला जाऊन ग्रंथालयातल्या प्रतीतही केलं.

पुढे हिंगोली वेगळा जिल्हा झाला. प्रज्ञेशला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली आणि तीन बदल्या होऊन तो कळमनुरीला आला. रखमाजी दोन हजार तीन साली गेला. मुलगा प्रभू टेम्पो चालवायला लागला होता. चराईची रानं सोयाबीनखाली गेली, आणि बनाबाईचा कळप बासष्टांवरून अठरावर आला. तिचे गुडघे गेले. मेंढ्यांमागं आता सून, मोहिनी, जायची. बनाबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढ्यांची चाल बघून कोणाचं काय दुखतं ते सांगायची, आणि आजूबाजूचे मेंढपाळ आजारी जनावर दवाखान्यात न्यायच्या आधी तिच्या दारावरून नेत. मुंजाजीसुद्धा नेई.

दोन हजार आठच्या सुरुवातीला कळमनुरीच्या नेट कॅफेत प्रज्ञेशला एक चित्र दिसलं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्या पंपाची अणू-अणूची ठेवण शोधून काढली होती. रंगीत प्रिंट काढून, दुपारचा दवाखाना उरकून तो एसटीनं निघाला.

बनाबाईनं कागद उन्हाकडे धरला. वळ्यांवर वळ्या, गुंडाळलेल्या रंगीत दोरासारखं काहीतरी. त्यानं बोट ठेवून दाखवलं की ही सालीच्या आतली बाजू, ही बाहेरची, आणि मधोमध हे दोन ठिपके म्हणजे धरून ठेवलेले दोन कण. मेंढीचं हाये का, तिनं विचारलं. तो म्हणाला की डुकराच्या मूत्रपिंडातलं आहे, पण रचना जवळपास तीच.

"मेंढीचं काहून न्हाई घेतलं त्यांनी?" तिला खरोखरच वाईट वाटलं. मग पुन्हा कागदाकडे बघून म्हणाली, "पर तू सांगितलं हुतं तसंच हाये. आपल्याला न दिसता बी बराबर सांगितलं हुतं."

एवढ्यात मोहिनीनं हाक मारली. सकाळी व्यालेली एक पहिलारू मेंढी दोन कोकरांतल्या एकालाच जवळ घेत होती, दुसऱ्याला ढकलत होती. बनाबाई भिंतीला धरून उठली. प्रज्ञेशनं बसा म्हटलं, ती बसली नाही. तिनं पहिल्या कोकराच्या अंगावरची ओल ओंजळीनं दुसऱ्याच्या पाठीवर, शेपटीवर चोळली, मेंढीचं डोकं आपल्या मांडीशी दाबून धरलं आणि त्याला मागचे पाय धरायला सांगितलं. दवाखान्याचा डॉक्टर गुडघ्यावर बसला. मेंढीनं दोनदा लाथा झाडल्या, तिसऱ्यांदा मान वळवून कोकराला हुंगलं, आणि ती स्थिर उभी राहिली.

"सोड आता," बनाबाई म्हणाली, "हळूच."

त्यानं सोडलं. कोकराची शेपटी जोरात हलू लागली होती. मोहिनीनं चहा ठेवला, आणि कळमनुरीची गाडी चुकणार हे ठाऊक असूनही प्रज्ञेश तिथंच बसला.